मेपल हार्ड आहे का सॉफ्ट, कसं ओळखायचं

एकाने विचारलंय की गॅरेज सेलमधून आणलेली पांढरट फळी हार्ड मेपल (मेपल झाडाचं कठीण लाकूड, म्हणजे शुगर मेपल) आहे का सॉफ्ट (त्यातलं मऊ, म्हणजे सिल्व्हर किंवा रेड मेपल), तर नुसत्या फोटोवरून कोणी ठामपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, रंग दोन्हीचा सारखा असू शकतो. आधी नख दाबून बघा, सॉफ्टवर खूण उठते, हार्डवर सहसा नाही (जांका आकडा, म्हणजे लाकडाच्या कठीणपणाचं माप, शुगर मेपलचा 1450, सिल्व्हरचा 700 च्या आसपास). पण रेड मेपल 950, तिथे नख फसवतं. मग हिराकस घ्या, म्हणजे फेरस सल्फेट, पाण्यात कालवून कोपऱ्यावर एक थेंब सोडा, हार्ड असेल तर हिरवट डाग पडतो, सॉफ्ट असेल तर निळसर काळा.

आणि राउटरचं (लाकूड कोरायच्या मशीनचं) बिट, म्हणजे पातं, बोथट असेल तर हात लावू नका, मेपल लगेच जळतं. मी एकदा कोपऱ्यावर दोन सेकंद थांबलो, तो तपकिरी पट्टा काढायला पॉलिश पेपर घेऊन अख्खा रविवार घासत बसलो. डार्क स्टेन (लाकडाला द्यायचा गडद रंग) तर नकोच, चट्टे पडतात, मारायचाच असेल तर आधी पातळ शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) एक हात द्या आणि वरून जेल स्टेन, म्हणजे घट्टसर स्टेन.