पुतळा, शिल्प की स्मारक?

प्रश्न : शिक्षिका, परिचारिका, शेतमजूर, आई अशा भूमिकांतल्या स्त्रिया दाखवणारं काही चौकात उभारलं, तर त्याला म्हणायचं काय? ‘महिलांचे पुतळे’ कानाला खटकतं. ‘स्मारक’ म्हटलं की कोणीतरी गेल्यासारखं वाटतं.

– खटकणारच. मराठीत पुतळा हा कोणाचा तरी असतो आणि ‘कोणाचा?’ याला नावानिशी उत्तर लागतं. लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये २०१८ साली स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या मिलिसेंट फॉसेट यांचा बसवला, तो पुतळा. नुसत्या ‘परिचारिके’चं मात्र शिल्प होतं, आकृत्या बऱ्याच असतील तर शिल्पसमूह.

नावं असली तरी कधीकधी शिल्पसमूहच बरा. १९२९ साली कॅनडात स्त्रिया कायद्याने ‘व्यक्ती’ ठरल्या. त्यासाठी दाद मागणाऱ्या पाच जणी कॅल्गरीत (१९९९) आणि ओटावात (२०००) ब्राँझमध्ये साकारल्या आहेत. ‘पाच पुतळे’ म्हणणं चूक नाही, पण त्यांच्यात एक रिकामी खुर्चीही आहे, येणाऱ्याजाणाऱ्याने बसावं म्हणून. पुतळे मोजताना ती सुटते, शिल्पसमूहात ती आपोआप येते.

आणि मूर्ती देवाची. तिची प्रतिष्ठापना होते, पुतळ्याचं अनावरण. बातम्यांत ‘पुतळ्याची प्रतिष्ठापना’ सर्रास दिसते, मला ती नकोशी वाटते.

– पण मग न्यूयॉर्कचा ‘स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा’? तिथे कोण आहे?

– तोच तर पुरावा! मूळ नावात नुसतं स्वातंत्र्य आहे, देवता आपण घातली. पुतळ्याला कोणीतरी हवं ना! पॅरिसच्या रिपब्लिक चौकात १८८३ पासून उभी असलेली मारियान त्याच जातकुळीतली, प्रजासत्ताकाला दिलेलं बाईचं रूप. म्हणून ‘स्त्रीरूपातला पुतळा’ आणि ‘स्त्रीचा पुतळा’ हे वेगळे ठेवावेत. पहिल्या प्रकारात बाई दिसते, पण कौतुक बाईचं नसतं.

– अवांतर : राणीचा झाला तरी पुतळा तो पुतळाच. ‘पुतळी’ म्हणाल तर गळ्यातली माळ आठवेल.

– ‘स्मारक’ इतक्यात मोडीत काढू नका. ‘स्मृ’ धातूवरून आलेला शब्द, आठवण करून देणारं ते स्मारक. ती आठवण माणसाची असेल किंवा कामाचीही. लंडनच्या व्हाइटहॉल रस्त्यावर दुसऱ्या महायुद्धातल्या स्त्रियांसाठी २००५ साली उभारलेलं स्मारक पाहा. त्यावर एकही चेहरा नाही. चारी बाजूंनी खुंटीला टांगल्यासारखे १७ जणींचे ब्राँझचे पोशाख आहेत, कोट, टोप्या, कामाचे गणवेश. युद्धकाळातली कामं संपली आणि बायकांनी ते कपडे काढून ठेवले, ही त्यामागची कल्पना. याला पुतळा कसा म्हणणार? शिल्प म्हणता येईल, पण ते कशासाठी उभं आहे हे ‘स्मारक’च सांगतं.

– म्हणजे मूळ प्रश्नापुरतं, आकृतीबद्दल बोलताना शिल्प आणि हेतूबद्दल बोलताना स्मारक. दोन्ही एकाच वस्तूला लागू शकतात. पाटीवर मात्र ‘नारीशक्ती शिल्प’ नको. त्यातून कोणती बाई, काय करणारी, काहीच कळत नाही. ‘शेतमजूर स्त्रियांचं शिल्प’ असं सरळ लिहा.