‘आशा वाटणे’ आणि ‘आशा धरणे’

विचारणा

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला संघाची सभा आहे. विषय एका इंग्रजी पत्रकातून घेतला आणि त्याचं मराठी कुणीतरी ‘भीतीऐवजी आशा निवडा’ असं करून दिलं. फलक रंगवायला देण्याआधी इथे विचारते आहे. व्याकरणाची चूक मला दाखवता येत नाही, पण सासूबाईंनी वाचल्या वाचल्या विचारलं, “तांदूळ निवडतात, गहू निवडतात. आशा कशी निवडायची?” ‘आशा ठेवा’, ‘आशा बाळगा’, ‘आशा धरा’ यांपैकी काय घ्यावं? आणि ‘आशा’ हाच शब्द पुरेसा आहे का, की ‘भरवसा’ म्हणावं?

प्रतिसाद

ताई, सासूबाईंचा कान तयार आहे.

भीती आणि आशा, दोन्ही मराठीत आधी ‘वाटतात’. ‘मला भीती वाटते’, ‘मला आशा वाटते’. या वाक्यांत ‘मी’ कुठेच नाही, ‘मला’ आहे. थंडी वाजते, भूक लागते, तशी भीती वाटते. ती विचारून येत नाही. म्हणून भीतीनं गांगरलेल्या बाईसमोर ‘भीतीऐवजी आशा निवडा’ असा फलक लावला की तिला असं ऐकू येतं की भीती तिनंच पसंत केली होती. भाषा म्हणून ते खटकतंच, पण त्याहून जास्त मला ते विश्वासाच्या दृष्टीनं खटकतं. एवढा दोष तिच्या पदरात घालायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

मात्र आपल्याकडे दुसरी रचना आहे: ‘मी आशा धरते’. इथे कर्ता ‘मी’. वाटणं आपल्या हातात नाही, धरणं आहे. धीर धरतो, तग धरतो, हात धरतो, तशी आशा धरतो. मराठी बायबलानं हीच रचना उचलली. ४२व्या स्तोत्रात गाणारा स्वतःच्या जिवाला विचारतो, तू का खिन्न झालास, आतल्या आत का तळमळतोस? आणि लगेच म्हणतो, देवाची आशा धर. जीव खिन्नच आहे, आणि त्या खिन्न जिवालाच हे सांगणं आहे. उल्हास वाटल्यावर आशा धर, असं तो म्हणत नाही.

स्तोत्र ५६, ओवी ३ तर तुमच्या विषयाचं नेमकं वचन आहे: मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. (भाषांतरागणिक शब्द थोडे इकडेतिकडे होतात.) पहिल्या अर्ध्यात ‘मला’, दुसऱ्या अर्ध्यात ‘मी’. भीती नाकारलेली नाही, तिच्यासाठी माफीही मागितलेली नाही. ती वाटेल, आणि ती वाटत असतानाच मी काय करीन ते सांगितलं आहे.

‘धरणे’ मला पटतं याला आणखी एक कारण आहे. आशेसाठी हिब्रूत जो ‘टिकवा’ शब्द आहे, त्याच रूपाचा शब्द दोरी या अर्थीही येतो. यहोशवाच्या पुस्तकात यरीहोची राहाब खिडकीला लाल दोरी बांधते, तिथे तो आहे. ईयोब म्हणतो की माझे दिवस विणकराच्या धोट्याहून वेगानं सरतात आणि आशेवाचून संपतात. तिथे जाणकारांना ‘धागा सरला’ हा श्लेषही ऐकू येतो. दोरी धरायची असते.

तेव्हा माझं मत ‘आशा धरा’ला. ‘ठेवा’ चालेल. ‘बाळगा’ पत्रव्यवहारातलं वाटतं.

आणखी एक प्रतिसाद

‘धरा’ला हरकत नाही, माझी शंका ‘आशा’ शब्दावरच आहे. मराठी माणसाच्या कानावर हा शब्द चांगल्या अर्थानं पडतोच असं नाही. आशाळभूत, आशेला लावणं, खोटी आशा दाखवणं, आशा सुटत नाही. आशा ही एक अजब साखळी आहे, तिनं बांधलेले धावत सुटतात आणि मोकळे झालेले पांगळ्यासारखे एका जागी बसतात, असं एक संस्कृत सुभाषित आपल्याकडे पाठ असतं. संतांनीही आशा-तृष्णा एका ओळीत बसवल्या. वारकऱ्याला विठ्ठलाच्या भेटीची ‘आस’ लागते, ती मात्र चांगली. मग ख्रिस्ती ‘आशा’ कशी कळणार? बाहेरची एखादी बाई फलक वाचून म्हणेल, म्हणजे काहीतरी मिळेल या आशेवर बसा.

प्रतिसाद

शंका रास्त आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही.

नव्या करारातला ग्रीक शब्द ‘एल्पिस’. मूळ ग्रीकात तो नुसती अपेक्षा सांगे, बऱ्याची तशी वाईटाचीही. पण हिब्रू शास्त्राचं ग्रीक भाषांतर झालं तेव्हा स्तोत्रांत जिथे ‘भरवसा टाकणे’ होतं तिथेही अनेकदा या ‘एल्पिस’चंच क्रियापद घातलं गेलं. नव्या करारातली पत्रं लिहिणारा प्रेषित पौल हा शब्द वापरतो तेव्हा त्यात तो भरवसा मुरलेला आहे. ‘आशा लाजवत नाही’ असं तो रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात म्हणतो. मराठीतली रोजची आशा माणसाला पुष्कळदा लाजवते. फरक तिथेच आहे. ही आशा कशाची आहे यापेक्षा कोणाच्या शब्दावर आहे, हे आधी येतं.

नुसत्या व्याख्येनं हे पटत नाही, म्हणून जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले दोन प्रसंग सांगतो. सभेतही ते सांगण्यासारखे आहेत.

अध्याय २८. बाबेलच्या राजानं यरुशलेमेतली भांडी आणि माणसं नेली आहेत. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर जाहीर करतो की दोन वर्षांच्या आत सगळं परत येईल. यिर्मया म्हणतो, आमेन, तसंच होवो. पण त्याला मिळालेला शब्द वेगळा आहे. अध्याय २९मध्ये तो बंदिवासातल्या लोकांना पत्र पाठवतो: ७० वर्षं लागतील, घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा, ज्या नगरात नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. कॅलेंडरांवर आणि घराघरांच्या भिंतींवर असतं ते ‘तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत’ हे वचन याच पत्रातलं आहे. ज्यांना ते लिहिलं त्यांच्यातले बरेचसे ७० वर्षं पुरी होण्याआधीच परदेशात मरणार होते. तरी त्यांना आशा दिली. हनन्यानं दिलं ते आश्वासन.

आणि अध्याय ३२. बाबेलच्या सैन्यानं शहराला वेढा घातला आहे. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे, सोडवून घ्यायचा हक्क तुझा आहे. शत्रूच्या घशात गेलेल्या प्रांतातलं शेत! यिर्मया १७ शेकेल चांदी तोलून देतो, म्हणजे आजच्या मापानं दोनशे ग्रॅमच्या आसपास. खरेदीखत लिहितो, मोहर करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. मोहर केलेली प्रत आणि उघडी प्रत, दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन सांगतो की मातीच्या भांड्यात घाल, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. कारण या देशात घरं, शेतं आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील.

एवढं झाल्यावर तो प्रार्थनेत देवालाच विचारतो: शहर तर खास्द्यांच्या (बाबेलच्या लोकांच्या) हाती जातंय आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस? म्हणजे त्याला आशा ‘वाटत’ होती असं काही दिसत नाही. त्यानं ती धरली. पैसे मोजले, खत केलं. शहर पुढे पडलंच, हेही लपवायचं कारण नाही.

‘आशेवर बसा’ या अर्थाची तुमची भीती इथे गळून पडावी. यिर्मया बसून राहिला नाही.

वसईहून

थोडी भर घालतो. आमच्याकडे चर्चमध्ये ‘विश्वास’पेक्षा ‘श्रद्धा’ जास्त कानावर येतं, पण ‘आशा’ तशीच आहे. श्रद्धा, आशा, प्रीती असं त्रिकूटच.

इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात आशेला ‘जिवाचा नांगर’ म्हटलंय. मराठीत नांगर दोन. घाटावरच्या शेतकऱ्याला शेत नांगरायचा नांगर आठवणार. आमच्या पाचूबंदरच्या कोळी माणसाला हे वचन समजावून सांगावं लागत नाही. नांगर पाण्याखाली असतो, होडीतून तो दिसत नाही, दिसतो तो ताणलेला दोर. वारा उठला की होडी हलते, वल्हं निसटतं, पोटात गोळा येतो. नांगर धरून असला की होडी वाहून जात नाही, एवढंच. हलायची थांबते असं नाही. रोमच्या भुयारी कबरस्थानांत सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी कबरींवर नांगर कोरले, ते याच आशेनं. छळाचे दिवस त्यांनी पाहिले होते.

त्या पत्रात हा नांगर ‘पडद्याच्या आत’, म्हणजे मंदिराच्या परमपवित्र स्थानात, गेलेला सांगितलाय, जिथे ख्रिस्त आपल्यापुढे गेला आहे. म्हणजे दोराचं दुसरं टोक आपल्या मनात नाही. माझी आशा आज जोरात आहे की मंद, यावर होडी अवलंबून नाही. मला तरी यात सगळ्यात मोठा दिलासा वाटतो.

विचारणा करणारी

दोघांचेही मनापासून आभार. आता दुसरी अडचण. एकीकडे ‘भिऊ नको’ आणि दुसरीकडे ‘परमेश्वराचे भय’. संघातल्या मुली विचारणारच की भय सोडायचं की धरायचं? ‘भय धरणे’ हेही बायबलातच आहे ना?

प्रतिसाद

आहे, आणि एकाच ओवीत दोन्हीही आहेत. निर्गम २०:२०. सीनाय डोंगरावर गडगडाट, विजा, धूर. लोक दूर उभे राहून कापताहेत. मोशे त्यांना म्हणतो, भिऊ नका, देव अशासाठी आला आहे की त्याचं भय तुमच्या डोळ्यांसमोर राहावं. हिब्रूत दोन्हीकडे धातू एकच.

मराठीत हे समजायला सोपं जावं, कारण आपल्याकडे ‘भित्रा’ ही शिवी आणि ‘पापभीरू’ ही स्तुती. ‘देवाला भिऊन वागणारा माणूस’ म्हटलं की तो घाबरट आहे असं कुणी समजत नाही. उलट त्याच्या हाती व्यवहार निर्धास्त सोपवता येतो.

मुलींना मिसरातल्या (इजिप्तमधल्या) दोन सुइणी सांगा, शिफ्रा आणि पुवा. निर्गमच्या पहिल्याच अध्यायात आहेत. तिथल्या राजाचा, फारोचा, हुकूम होता की इब्री बाईला मुलगा झाला तर बाळंतपणातच मारून टाका. त्यांनी ऐकलं नाही, आणि कारण दिलंय ते एवढंच: त्या देवाचं भय धरणाऱ्या होत्या. देवाचं भय धरलं म्हणून फारोला भिऊन हात उचलला नाही. त्या दोघींची नावं शास्त्रात आहेत. फारोचं नाव त्या अध्यायात नाही.

योहानाच्या पहिल्या पत्रात (४:१८) ‘पूर्ण प्रीती भीती घालवून देते’ असं आहे, आणि त्याला जोडूनच सांगितलंय की भीतीत शासन आहे. म्हणजे घालवायची ती शिक्षेची भीती, मारकुट्या मालकासमोरची. पौल तिलाच दास्याचा आत्मा म्हणतो आणि तिच्या जागी दत्तक लेकराची ‘अब्बा, बापा’ ही हाक ठेवतो. ‘भय’ आणि ‘भीती’ अशी शब्दांची काटेकोर वाटणी मराठी भाषांतरांनी केलेली नाही, तशी करून दाखवू नका. अर्थ संदर्भातून काढावा लागतो.

आणखी एक. पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशू स्वतः व्याकूळ झाला, मरणाइतका खिन्न झालो आहे असं म्हणाला. त्यामुळे ‘विश्वास असेल त्याला भीती वाटत नाही’ हे वाक्य कुणी सभेत बोललं तर तुम्ही तिथेच थांबवा.

एक ताई लिहितात

शेवटच्या वाक्याला माझा दुजोरा. मी मंडळीच्या वतीनं दवाखान्यात भेटी द्यायला जाते. उद्या ऑपरेशन असलेल्या बाईला ‘आशा निवडा’ म्हणून बघा, ती भिंतीकडे तोंड करते. तिला काय लागतं ते आपल्या आजीला ठाऊक होतं: ‘धीर धर गं, प्रभू बरोबर आहे.’ आणि हात हातात. मग ती स्वतःच सांगते कशाची भीती आहे. बहुतेक वेळा मरणाची नसते, घरी मुलांचं कोण बघेल याची असते. ते ऐकून घेतल्यावर प्रार्थनेत तेच नाव घेऊन मागायचं. ‘भिऊ नकोस’ नंतर ‘कारण’ यायलाच हवं, नुसतं ‘भिऊ नकोस’ म्हणजे दटावणी होते. यशया ४१:१० मध्ये बघा, भिऊ नको, कारण मी तुझ्याबरोबर आहे.

मयताच्या घरीही तसंच. पौल थेस्सलनीकाकरांना ‘रडू नका’ म्हणत नाही, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका म्हणतो. खेद आहेच.

फलकाबद्दल: पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू-ग्रीक शिकून बायबलाचं भाषांतर केलं, १९२२मध्ये मरण येईपर्यंत त्या त्यावर काम करत होत्या. खेड्यातल्या बाईला कळेल अशी मराठी हवी, हा त्यांचा आग्रह होता. दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावलेली ही बाई, भीती काय असते ते तिला शिकवावं लागलं नसेल. तुमच्या फलकालाही तीच कसोटी लावा: भाजीवाली मावशी थांबून वाचेल तर तिला कळेल का?

विचारणा करणारी

ठरलं. फलकावर ‘भीती वाटली तरी आशा धरू या’, खाली स्तोत्र ५६:३. ‘धरा’ऐवजी ‘धरू या’ सासूबाईंनी सुचवलं, सांगणारीलाही भीती वाटतेच म्हणून. शिफ्रा-पुवा मी सांगणार आहे, यिर्मयाच्या खरेदीखतासाठी आमच्या तलाठी ऑफिसातून निवृत्त झालेल्या एका बाईंना विचारलं आहे, त्या हो म्हणाल्या. सुभाषितातल्या साखळीचा मुद्दाही सभेत काढणार, कारण तो प्रश्न कुणीतरी विचारणारच.