आठवी-नववीच्या बीजगणितात पुठ्ठ्याच्या फरशा : शिकवणं की तासिका घालवणं?

खडूफळा (नाशिकरोड)
विषय अवयवांचा. हल्ली आग्रह असा की बैजिक राशीचे अवयव फळ्यावर न काढता मुलांना पुठ्ठ्याच्या फरशा (क्ष² चा चौरस, क्ष ची पट्टी, १ चा छोटा चौरस म्हणजे एकक) देऊन आयत लावायला सांगा, आयताच्या बाजू हेच अवयव. हिशोब करू. तासिका ३५ मिनिटांची, वर्गात ६० मुलं. साहित्य वाटण्यात सात मिनिटं, गोळा करण्यात पाच. उरलेल्या वेळात क्ष² + ५क्ष + ६ चा एक आयत लागतो, आणि तोही गटातला हुशार मुलगा लावतो, बाकी तिघं बघतात. तेवढ्यात फळ्यावर आठ उदाहरणं होतात. शेवटी बोर्डाच्या पेपरात ‘कृती’ म्हणजे रिकाम्या चौकटी भरणं, पुठ्ठा नव्हे.

मखमलाबादकर
सर, वेळ जातो हे मान्य. पण बहुतेक ठिकाणी फरशाच चुकीच्या कापलेल्या असतात. एकक २ सेंमीचा चौरस असेल तर क्ष ची पट्टी ८ सेंमीची करायची नाही. मुलं तिच्यावर चार एकक ठेवून मोजतात आणि क्ष = ४ म्हणून मोकळी होतात. पट्टी २ × ७.३ ठेवा, क्ष² चा चौरस ७.३ × ७.३. मग एकक कितीही मांडले तरी नेमके बसत नाहीत आणि क्ष ‘माहीत नसलेला’च राहतो. चौघांच्या गटाला २ चौरस, ८ पट्ट्या, १२ एकक पुरतात. रबर लावून पाकिटात आधीच भरून ठेवले की वाटायला दोन मिनिटं.

आणि आयत हा याचा खरा उपयोग नाहीच. (क्ष + ३)² = क्ष² + ९ ही चूक दहावीपर्यंत जात नाही, ती इथे जाते. चौरस ठेवा, तिरक्या कोपऱ्यात ३ × ३ एकक ठेवा. बाजूला आणि खाली दोन मोकळ्या जागा उरतात, प्रत्येकीत तीन पट्ट्या बसतात. ते सहा क्ष कुठून आले हे मग सांगावं लागत नाही.

खडूफळा
वर्गविस्तारापुरतं ऐकतो. आता क्ष² − क्ष − ६ लावून दाखवा. एक चौरस, एक लाल पट्टी, सहा लाल एकक (लाल म्हणजे उणे). आयत होतच नाही. मग ‘शून्य जोड्या’ आणायच्या, एक निळी आणि एक लाल पट्टी मिळून शून्य. किती जोड्या? दोन. दोनच का? कारण अवयव (क्ष − ३)(क्ष + २) आहेत. म्हणजे उत्तर आधी माहीत हवं, मग पुठ्ठा!

इंदिरानगर_गणित
सरांचा मुद्दा बरोबर आहे, ऋण चिन्ह आलं की फरशा थांबवाव्यात. तिथून पुढे त्याच आयताचं चित्र वहीत २ × २ च्या चौकटीत काढायचं. वर डावीकडे क्ष², खाली उजवीकडे −६. उरलेल्या दोन घरांचा गुणाकार −६क्ष² आणि बेरीज −क्ष हवी, म्हणून −३क्ष आणि २क्ष. काठावर सामाईक अवयव लिहिले की काम झालं. फरशा एक तासिका, चौकट तीन. उलट प्रमाण झालं की सर म्हणतात तो खेळखंडोबा होतो.

सातपूर_८एमएम
अवयवांवर एवढी भांडणं, पण मुलं पडतात त्याआधीच, ‘पक्षांतर’ (पद समीकरणाच्या एका बाजूकडून दुसरीकडे नेणं) या शब्दावर. पक्ष बदलला की चिन्ह बदलतं, हे महाराष्ट्रात कुणाला शिकवायची गरज नाही. पण मुलं तोच नियम गुणकालाही लावतात : ३क्ष = १२, म्हणून क्ष = १२ − ३ = ९, किंवा क्ष = १२ ÷ (−३).

त्यावर तराजू. २क्ष + ३ = ११ साठी डाव्या पारड्यात प्रत्येकी चार नट भरलेल्या दोन काडेपेट्या आणि तीन सुटे नट, उजवीकडे अकरा नट. एवढं केलं तर पारडं डावीकडे झुकतं आणि तासाचा विचका होतो, कारण पेटीचं स्वतःचं वजन. उजवीकडे दोन रिकाम्या पेट्या ठेवायच्या. रुपयाची नाणी वापरू नका, वेगवेगळ्या वर्षांच्या नाण्यांचं वजन सारखं नसतं. एका मापाचे नट घ्या, सातपूर-अंबडला हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळतात.

खडूफळा
आणि २क्ष + ११ = ३ ला? उणे चार नट कुठे मिळतात?

सातपूर_८एमएम
नाही मिळत. म्हणून तराजू एकच दिवस.

निफाड_तालुका
शाब्दिक उदाहरणांबद्दल. आपल्याकडे सोपं जावं म्हणून ‘५क म्हणजे ५ कांदे’ शिकवतात. यासारखं घातक काही नाही. क ही वस्तू नव्हे, संख्या आहे. कांदे म्हणून शिकलेलं मूल क × क ला कांदा गुणिले कांदा काय म्हणणार? त्यापेक्षा टेम्पोचं भाडं घ्या. लासलगावला माल न्यायला एक जण १८०० रुपये आणि गोणीमागे २० घेतो, दुसरा ६०० आणि गोणीमागे ५०. क्ष म्हणजे गोण्यांची संख्या, हे वाक्य वहीत लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. आधी १०, ३०, ५० गोण्यांचा तक्ता, मग आलेख. ४० गोण्यांना दोघांचे २६०० होतात. त्याखाली दुसरा स्वस्त, त्यावर पहिला. एकसामयिक समीकरणांची उकल म्हणजे छेदनबिंदू, हे इथे आपोआप येतं.

खडूफळा
हे उदाहरण झालं, कृती नव्हे, म्हणून मला आवडलं. आता पुठ्ठा-नट-पेटी काही न लागणारी आणि तरी बीजगणितच असलेली एक तरी कृती सांगा.

देवळाली_६१७४
गणिती द. रा. कापरेकर १९३० ते १९६२ आमच्या देवळालीत शाळामास्तर होते, त्यांचीच ६१७४ वर थांबणारी चार अंकी वजाबाकी घ्या, पण तीन अंकी. सगळे अंक सारखे नसलेली संख्या निवडा. अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठी संख्या, उलट करून लहान, मग वजाबाकी. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ६० मुलं ६० संख्या घेतात आणि सगळी ४९५ वर येऊन थांबतात. वजाबाकी ९९ आली तर ती ०९९ लिहायची, शून्य गाळलं की ९९ − ९९ = ० होऊन गाडी रुळावरून उतरते.

इथपर्यंत १२ मिनिटं. आता ‘का?’ उतरत्या क्रमातले अंक अ, ब, क धरा : (१००अ + १०ब + क) − (१००क + १०ब + अ) = ९९(अ − क). ब उडाला! म्हणजे अशा ८९१ संख्यांतून कुठलीही घ्या, पहिल्या वजाबाकीत ९९ च्या नऊच पटी शक्य. त्या नऊ फळ्यावर लिहून पुढची वजाबाकी बाणांनी जोडायची : ०९९ → ८९१ → ७९२ → ६९३ → ५९४ → ४९५. मधला अंक नेहमी ९ का, हा गृहपाठ.

खडूफळा
हे चालेल. चार अंकी का नको?

देवळाली_६१७४
तिथे ९९९(अ − ड) + ९०(ब − क) येतं. दोन फरक एकदम सांभाळावे लागतात आणि ६१७४ पर्यंत सात-सात वजाबाक्या लागू शकतात. ३५ मिनिटांत बसत नाही, सर.