अनुभव धागा : घरच्या गॅसवरचा वोक

गेल्या दिवाळीत कार्बन स्टीलचा 14 इंची वोक, म्हणजे चिनी पद्धतीची खोलगट कढई, घेतला. पहिले दोन महिने भाज्यांना पाणी सुटायचं, नूडल्सचा गोळा व्हायचा. चूक उशिरा कळली : मी चौघांचं एकदम टाकत होते. चायनीजच्या गाडीवरच्या भट्टीची आच घरच्या शेगडीला कुठून येणार? गार भाजीचा ढीग पडला की पातळ लोखंड लगेच निवतं आणि भाजी परतली न जाता वाफवली जाते. आता दोन घाण्यांत करते. दक्षिण चीनमधल्या कँटनकडचे लोक ज्या धुरकट खमंगपणाला ‘वोक हेइ’, म्हणजे वोकचा श्वास म्हणतात, त्याची झुळूक तरी आता येते. तुम्ही वोक वापरत असाल तर फसलेलं, जमलेलं सगळं लिहा.

नाशिकहून

ताई, नवा वोक आणल्यावर आधी काथ्याने आणि साबणाने खसखसून घासलात ना? गंज लागू नये म्हणून कारखान्यातून त्यावर थर देऊन पाठवतात. तो निघाल्यावर मोठ्या आचेवर निळसर होईस्तोवर तापवायचा, मग तेलाचा अगदी पुसट हात. तेल जास्त झालं तर चिकट डाग राहतात. माझी आई घावनांच्या बिडाच्या तव्याला अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवायची, मी वोकलाही तेच करते. धुऊन झाला की आचेवर कोरडा करणं मात्र कधी चुकवू नका. एकदा ओला ठेवून गावी गेले, परत आले तर सगळा तांबूस गंज.

कोल्हापूरहून

मी वोकमध्ये टोमॅटोचं सार उकळलं. सहा महिने तेल लावून मुरवलेला काळा थर आंबटाने खाल्ला आणि साराला लोखंडाची चव आली. सॉस, व्हिनेगर शेवटी घालून लगेच उतरवलं तर काही होत नाही. आमसूल, चिंच घालून शिजवायचं असेल तर स्टीलचं पातेलं घ्या.

टोरांटोहून

आमच्याकडे काचेची इलेक्ट्रिक शेगडी. गोल बुडाचा वोक तिच्यावर डुगडुगतो आणि जेमतेम एका ठिपक्याला तापतो. सपाट बुडाचा घेतला तेव्हा कुठे जमलं. गाडीवरच्यासारखं उडवत बसत नाही, भांडं शेगडीवरच ठेवून उलथन्याने हलवते, कारण उचललं की आच तुटते. सगळं आधी चिरून हाताशी हवं. लसूण टाकल्यावर गाजर चिरायला घेतलं तर लसूण गेलाच.

भाताचं सांगते. आदल्या दिवशीचा, फ्रिजमधला, हाताने मोकळा केलेला भात घ्या. आंबेमोहर मऊ, त्याचा लगदा होतो. कोलम किंवा बासमती बरा. सोया सॉस भातावर ओतू नका, वोकच्या तापलेल्या कडेवरून सोडा. चर्रर्र आवाज येतो आणि वासच बदलतो. तिळाचं भाजकं तेल आच बंद केल्यावर. परतायला शेंगदाण्याचं रिफाइंड तेल मोठ्या आचेला टिकतं. परवा त्याच वोकमध्ये उरलेल्या भाताला मोहरी, हिंग, हिरवी मिरची, शेंगदाणे घालून फोडणीचा भात केला. कढईत दाणे तळाशी राहतात आणि भात वर, इथे शितन् शीत तेलाला लागलं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला.

पुण्याहून

नॉनस्टिक वोक मोठ्या आचेवर रिकामा तापवू नका, एवढंच कळकळीने सांगते. साधारण 260 अंश सेल्सिअसच्या पुढे तो लेप खराब व्हायला लागतो. घरात पक्षी असेल तर त्या धुराने त्याच्या जिवावर बेततं.

पुन्हा ठाण्याहून, धागा काढणारी

साराचं वाचून पटलं. गणपतीत मी बांबूची टोपली ठेवून वोकमध्ये मोदक उकडले होते. मोदक छान झाले, पण पाण्याने थर फिका पडला, परत तेल लावून तापवावा लागला. भेंडी कुणी केली आहे का?

नाशिकहून

केली की. धुऊन पूर्ण कोरडी करा, उभी चिरा, झाकण नको आणि मीठ शेवटी. पाव किलोच्या वर एका वेळी घेऊ नका.