तलाव एकच, मग पाणी चांगलं की खराब यावर एकमत का होत नाही?

प्रश्न
आम्ही काही जण तलावात पोहायला जातो, आमच्यात सगळ्यांचं म्हणणं पाणी बिघडत चाललंय, शेवाळ वाढलंय, पायात पाणवेली अडकतात. तिथेच गळ टाकून बसणारे म्हणतात पाणी मस्त आहे, आणि काठावर फिरणाऱ्यांना वास आला तरच तलाव आठवतो. ऐकायचं कोणाचं?

गळवाला
ज्या वेली तुम्हाला नकोत त्यातच माशांची पिल्लं लपतात, आणि उथळ तलावातून त्या सगळ्या उपटल्या तर गाळ धरून ठेवायला काही उरत नाही, मग पाणी गढूळ आणि हिरवं होतं ते होतंच. आम्ही बघतो पहाटे. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असले की समजायचं ऑक्सिजन संपत आलाय, कारण रात्री शेवाळ पण ऑक्सिजनच खातं. दुपारी डुंबायला येणाऱ्याला हे दिसणार कुठून?

नमुनेवाली
मी तलावाच्या पाण्याचे नमुने तपासायला घेते. गळवाल्यांचं बरोबर आहे पण मासा लागला म्हणजे पाणी पोहण्यालायक असं नाही हां. आणि नितळ म्हणजे स्वच्छ हे तर डोक्यातून काढाच. सेकी डिस्क म्हणून 20 सेंटिमीटरची थाळी असते, 1865 पासूनची पद्धत, दोरीने खाली सोडायची आणि दिसेनाशी झाली की खोली बघायची. त्यातून पाणी किती पारदर्शक ते कळतं, बाकी काही नाही. सांडपाण्यातले ई. कोलाय जिवाणू तिच्याने कळत नाहीत, आणि आम्ल वाढून जीवसृष्टी घटलेले तलाव तर कधीकधी जास्तच नितळ दिसतात. उलट कुजलेल्या पानांमुळे तपकिरी झालेल्या पाण्याला लोक उगाच नाक मुरडतात.

रोज फिरणारा
वासाला हसू नका. हिरवा ऑइलपेंट सांडल्यासारखा तवंग दिसला तर ते निळं-हिरवं शेवाळ असू शकतं, काही जातींचं विष असं की पाणी प्यायलेली कुत्री मरतात. आणि वारा तो तवंग एका काठाला ढकलतो, म्हणून समोरचा म्हणतो कुठेय घाण, दाखवा! दोघंही खरंच बोलत असतात.

प्रश्न विचारणारा
मग तपासायला पाणी कुठून घ्यायचं, मधून?

नमुनेवाली
मधून कशाला, पोहता तिथूनच. साधारण कमरेएवढ्या पाण्यात, पृष्ठभागाच्या फूटभर खालून, लॅबच्या निर्जंतुक बाटलीत, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचं. आणि एकदा जोराच्या पावसानंतर पण घ्या, गटाराचं पाणी तेव्हाच आत येतं. तवंग दिसला तर मात्र हात न घालता लांबूनच फोटो काढा.