मदत हवी आहे: ‘वारसा’ या नव्या क्षमतेला मर्यादा कशी घालावी?

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळासाठी मित्रांपुरता संच रचताना सामान्य दर्जाच्या क्रीचर्सना (लढणाऱ्या प्राण्यांच्या पत्त्यांना) मी ‘वारसा’ ही क्षमता दिली आहे: क्रीचर मेला की आपल्या दुसऱ्या एका क्रीचरवर +१/+१ काउंटर (ताकद आणि टिकाव एकेकाने वाढवणारी खूण) ठेवायचा. २००४ च्या ‘डार्कस्टील’ संचातील मॉड्युलर ही अशीच क्षमता आर्टिफॅक्ट (जादुई वस्तू वा यंत्र) प्रकारच्या क्रीचर्सपुरती आहे; माझी सर्वांसाठी आहे. मात्र सॅक्रिफाइस करवणाऱ्या (आपलाच क्रीचर मुद्दाम बळी द्यायला लावणाऱ्या) पत्त्यांमुळे एकच क्रीचर भराभर वाढतो, आणि काळ्या रंगातून ते पत्ते काढणे मला पटत नाही. क्षमता वापरायला दोन ‘माना’ची (पत्ते खेळण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेची) किंमत लावल्यावर गैरवापर थांबला, पण लढाईत क्रीचर गमावणाऱ्याला मिळणारा दिलासाही गेला. फ्लॅशबॅक (वापरून झालेला पत्ता पुन्हा एकदा खेळू देणारी क्षमता) याप्रमाणे पत्ता एक्झाइल केल्याने (खेळाबाहेर काढल्याने) केवळ त्याचे पुनरागमन टळते. स्पष्टीकरण दोन ओळींत मावायला हवे. अशा वेळी ‘प्रत्येक टर्नमध्ये एकदाच’ ही अट योग्य, की ‘या टर्नमध्ये हल्ला किंवा ब्लॉक (हल्ल्याला अडवणे) केला असेल तरच’ ही?