मदत हवी आहे: भट्टीतली काचेची ताटली दर वेळी तडकतेय (आत हिरव्या चुड्याच्या बांगड्या आहेत)

ओट्यावरची_काच:

नमस्कार मंडळी, दोन वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, विभाग चुकला असेल तर सांभाळून घ्या.

धाकट्या बहिणीच्या लग्नाला पुढच्या महिन्यात वर्ष होतंय. तिच्या हिरव्या चुड्यातल्या वर्षभरात वाढलेल्या बांगड्यांचे तुकडे तिने श्रीखंडाच्या डब्यात जपून ठेवलेत, त्यांची काचेत बसवलेली एक ताटली करून तिला द्यायची असं माझ्या डोक्यात आहे. (आमच्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. तीन ताटल्या झाल्यावर नवरा विचारतो, ही पण वाढली का गं.)

भट्टी सेकंडहँड घेतलीय, आधीचे मालक मीनाकाम करायचे. आतून १२ बाय १२ इंच, पांढऱ्या सिरॅमिक फायबरची, कॉइल दोन बाजूंना, ३ किलोवॅट, किचनच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालते. कंट्रोलरवर एकच आकडा सेट होतो, तिथपर्यंत जाते आणि तिथे थांबते, बस. विकणारा म्हणाला होता काच माती सगळं होतं यात.

काच साधी खिडकीची, ४ मिमी, काचवाल्याकडे तुकडा माल मिळतो त्यातली, हिरकणीने (काच कापायच्या हत्याराने) कापून घासून १८ सेंमीच्या दोन चकत्या, मध्ये बांगड्यांचे तुकडे. ८३० ला नेली, ३ तास लागले, १५ मिनिटं ठेवली, स्विच बंद केला आणि झोपले.

पहिली ताटली सकाळी इतकी सुंदर निघाली की मी सगळ्या ग्रुपवर फोटो टाकला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर नुसती ठेवलेली असताना टण्ण आवाज आला आणि मधोमध एसच्या आकाराचा तडा, दोन तुकडे. कोणी हातही लावला नव्हता. दुसरी भट्टीतूनच तडे घेऊन बाहेर आली, आणि तडे कुठे तर प्रत्येक बांगडीच्या तुकड्याभोवती, नखाएवढ्या चंद्रकोरी. तिसऱ्या वेळी बांगड्या मध्ये न घालता फक्त वर ठेवल्या, तरी चंद्रकोरी आल्याच आणि शिवाय काचेवर दुधावरच्या सायीसारखा पांढरट पापुद्रा.

काठावर काळ्या रंगात वेल काढायची आहे त्याचं वेगळंच. स्टेशनरीच्या दुकानातला ग्लास पेंट भट्टीत जळून गेला, घरभर धूर. मग मुंबईहून काचेचे पावडर रंग मागवले, ते डिंकाच्या पाण्यात कालवून लावले तर भाजल्यावर पापडासारखे फुगले आणि बोटाने निघाले.

भट्टी खराब आहे, काच खराब आहे की मीच घाई करतेय? क्लास वगैरेचा खर्च आत्ता जमणार नाहीये, आणि बांगड्या मोजक्याच उरल्यात.

कऱ्हाडचा_कंदील:

आमचं गाव ओगलेवाडी, प्रभाकर कंदिलाच्या कारखान्याचं, आजोबा तिथेच होते. त्यामुळे ज्ञान ऐकीव असलं तरी काच म्हटलं की मी बोलणारच.

स्विच बंद करून झोपलात तिथे पहिली ताटली गेली. आजोबा सांगायचे, काच फुंकायला मिनिटं लागतात आणि निववायला रात्र. कारखान्यात त्यासाठी वेगळी लांबलचक भट्टी असायची, माल एका टोकाने गरम आत जायचा आणि दुसऱ्या टोकाला कोमट बाहेर यायचा. तुमची फायबरची भट्टी लवकर तापते तशीच लवकर गार होते. बाहेरची कातडी आधी आखडली आणि पोट मागून आखडलं की तो ताण आत अडकून बसतो, मग तीन दिवसांनी काय किंवा तीन महिन्यांनी काय, टण्ण.

पोर्टलंडची_माई:

कऱ्हाडकर बरोबर बोलतायत, पण ते अर्धंच आहे. ओट्यावरची_काच, तुमच्याकडे दोन वेगळे रोग आहेत. एसचा तडा हा निववण्याचा, चंद्रकोरी हा न जुळणाऱ्या काचांचा. पहिला बरा होतो, दुसऱ्याला औषध नाही.

मी अमेरिकेत पोर्टलंडला राहते तिथेच बुल्सआय या काच कंपनीचा कारखाना आहे, १९७४ पासूनचा, त्यामुळे भट्टीत काच वितळवणारी माणसं इथे गल्लोगल्ली भेटतात आणि मीही त्यात पडले. यांच्या काचेवर ९० लिहिलेलं असतं, दुसऱ्या एका जातीवर ९६. ९० म्हणजे १ मीटर काच १ डिग्रीला ९ मायक्रॉन वाढते. खिडकीची काच साधारण साडेआठच्या आसपास. बांगडीची काच लवकर वितळावी म्हणून तिचा मसालाच वेगळा असतो. तुम्हीच बघा, तुमच्या फोटोत बांगडीचे तुकडे पार सपाट झालेत आणि खिडकीच्या काचेची कड नुसती गोल झालीय.

आता समजा दोघींत १ मायक्रॉनचाच फरक आहे. काच घट्ट झाल्यावर गार होईपर्यंत ५०० डिग्री उतरते, तेवढ्यात २ सेंमीच्या तुकड्यात ०.०१ मिमीचा फरक पडतो. केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा, पण काच ताणली जात नाही ना, मग ती फाटते. कितीही हळू गार करा, हा ताण जायचा नाही.

घरी तपासता येतं. लॅपटॉपवर पूर्ण पांढरा स्क्रीन लावा, डोळ्यावर पोलराइज्ड गॉगल (साधा काळा चालत नाही), मान तिरकी करत जा, एका कोनात स्क्रीन काळा दिसेल. तिथेच थांबून स्क्रीन आणि गॉगलच्या मध्ये ताटली धरा. ताण नसेल तर काळंच राहील, असेल तिथे काच उजळते.

ओट्यावरची_काच:

माई, आत्ता केलं. अंगावर काटा आला. दुसऱ्या ताटलीतल्या प्रत्येक बांगडीच्या तुकड्याभोवती पांढरं वलय, चंद्राला खळं पडतं तस्सं. आणि पहिल्या ताटलीच्या अर्ध्या तुकड्यात कडेकडेने उजेड. गॉगल दिराचा आहे, त्याला वाटतंय मला वेड लागलंय.

म्हणजे चुड्याची ताटली होणारच नाही का?

धायरीचा_फोरमन:

भट्ट्या दुरुस्त करणं हे आमचं पोटापाण्याचं काम, काचेतलं कमी कळतं, भट्टीपुरतं सांगतो.

तुमची भट्टी खराब नाही, काचेसाठी बनलेली नाही एवढंच. काचेच्या भट्टीत कॉइल झाकणाला म्हणजे वरून असते, सपाट माल सगळीकडून सारखा तापावा म्हणून. तुमच्याकडे बाजूने आहे म्हणजे ताटलीची कड आधी तापते आणि मध्य मागे राहतो, म्हणून ताटली भिंतींपासून निदान दोन बोटं लांब ठेवा आणि चढवताना ५०० पर्यंत तासाला १५० च्या वर जाऊ नका. तडा चढताना गेला की उतरताना ते तड्याच्या कडेवरून कळतं, कड वितळून गोल झालेली असेल तर चढताना गेलाय, धारदार असेल तर उतरताना.

डिस्प्लेवर ८३० आहे म्हणून ताटलीजवळ ८३० आहे असं समजू नका, थर्मोकपल जिथे डोकावतोय तिथलं ते तापमान. काचेच्या एकसारख्या पट्ट्या कापा, दोन विटेच्या तुकड्यांवर पुलासारख्या आडव्या टाका, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, ७०० पर्यंत नेऊन बंद करा. गार झाल्यावर कुठली जास्त वाकली ते बघा, म्हणजे भट्टीचा नकाशाच मिळाला.

कंट्रोलर रॅम्प सोकवाला घ्या, त्यात टप्पे भरून ठेवता येतात. तोपर्यंत हाताने. तासाला ६० उतरवायचे असतील तर दर १० मिनिटांनी सेटिंग १० ने खाली, मोबाईलवर अलार्म लावून बसायचं. लाईट गेली तर झाकणाला हात लावायचा नाही, फटीवर फायबरचा पट्टा दाबून ठेवायचा. आणि ते फायबर उघड्या हाताने कुस्करू नका, त्याची धूळ छातीत बसते, मास्क घाला. १६ अँपिअरच्या लाइनवर ही भट्टी चालू असताना गीझर मिक्सर काही लावू नका.

तावदान:

रंगांचं मी सांगते, जुन्या चर्चच्या खिडक्यांच्या कामात काही वर्षं मदतनीस होते. कुलाब्याचं अफगाण चर्च किंवा राजाबाई टॉवर बघितला असेल तर तिथल्या खिडक्यांतले चेहरे, कपड्यांच्या चुण्या, त्या काळ्या तपकिरी रेघा, तो रंग म्हणजे लोखंडाचं किंवा तांब्याचं ऑक्साइड आणि दळलेली काच. भाजताना ती दळलेली काच वितळते आणि खालच्या काचेला धरते. स्टेशनरीतला ग्लास पेंट हे वेगळंच प्रकरण, त्यातले काही घरच्या ओव्हनमध्ये १६० ला ४० मिनिटं भाजायचे असतात आणि काही तर नुसतेच वाळवायचे. भट्टीत ते जळणारच.

तुमचा रंग पापडासारखा फुगला कारण डिंक जास्त झाला. चमचाभर पावडरला डिंकाचे दोन चार थेंब पुरतात, बाकी पाणी, आणि काचेवरच काचेच्या बत्त्याने दहा मिनिटं घोटायचा. थर साय धरेल इतका जाड नको, पलीकडचं वर्तमानपत्र अंधुक दिसलं पाहिजे. वाळला की बोटाने हलकेच पुसून बघा, पूड निघाली तर डिंक कमी, नखानेही निघेना तर जास्त. बोटाने निघाला याचं दुसरं कारण म्हणजे कमी भाजला गेला, साधारण ६५० च्या आसपास नीट भाजला तर थोडी चकाकी येते आणि नखाने निघत नाही.

क्रम महत्त्वाचा. आधी काच जोडून घ्या, मग रंगवा, मग ६५० ला वेगळी भाजा. ८३० ला रंग टिकत नाही. आणि यातल्या बऱ्याच रंगांत शिसं असतं, त्यामुळे वेल ताटलीच्या खालच्या बाजूने काढा, वरून कोणीतरी चिवडा खाणारच आहे.

काचेला दोन बाजू असतात तेही सांगून ठेवते. खिडकीची काच वितळलेल्या कथलावर तरंगवून करतात, खालच्या बाजूला कथलाचा अंश राहतो. काळ्या रंगाला फारसा फरक पडत नाही, पण उद्या चांदीचा पिवळा (चांदीच्या क्षाराने भाजल्यावर काचेला येणारा पिवळा रंग) लावायला घ्याल तेव्हा दोन बाजूंना दोन वेगळे पिवळे येतील आणि डोकं धराल. कुठली बाजू कुठली ते ओळखायला नोटा तपासायच्या मशीनमधला जांभळा दिवा चालत नाही, २५४ नॅनोमीटरचा लागतो, त्याखाली कथलाची बाजू दुधाळ दिसते.

पोर्टलंडची_माई:

सायीसारखा पापुद्रा राहिलाच. ते काचेवर स्फटिक धरणं. ७०० ते ७६० च्या मध्ये काच रेंगाळली की होतं, आणि खिडकीच्या काचेला जास्तच होतं. तिथून चढताना आणि उतरताना पटकन जायचं, आणि काच आधी धुऊन कोरडी करून घ्यायची, तुमच्या बोटांचं तेल आणि हिरकणीचं तेलही त्याला निमित्त होतं.

खिडकीच्या ४ अधिक ४ मिमी काचेला मी असं करीन: तासाला १५० ने ६५० पर्यंत, तिथे अर्धा तास (थरांमधली हवा निघून जाते), मग जोरात ८३०, १० मिनिटं, मग झाकण न उघडता जितकी आपोआप उतरेल तितकी भराभर ५५० पर्यंत. ५५० ला १ तास धरून ठेवा, तिथून तासाला ५० ते ६० ने ४२० पर्यंत, पुढे तासाला १०० ने ३००, मग बंद. ६० च्या खाली आल्याशिवाय उघडायची नाही.

चुड्याचं. खिडकीच्या काचेत घालू नका, पण बांगडी बांगडीशी जुळेल. एकाच चुड्याच्या, एकाच घाण्याच्या असतील तर एकमेकींवर आडव्या तिडव्या रचून नुसत्या चिकटेपर्यंत तापवा, म्हणजे जाळी होईल. ६८० पासून दर ५ मिनिटांनी भोकातून बघत राहा, बांगडीची कड गोल झाली आणि दोघी एकमेकीत किंचित बसल्या की थांबा. उतरवताना बांगडीची काच किती डिग्रीला निववायची तो आकडा कारखान्यागणिक बदलतो, म्हणून ५४० पासूनच दर २० मिनिटांनी १० डिग्री, थेट ४०० पर्यंत, म्हणजे ५३० असो की ४८०, तिची जागा मधे येऊन जातेच. मग ती जाळी एका साध्या ताटलीवर नुसती ठेवा, वितळवून जोडू नका. आधी बाजारातल्या दोन रुपयांच्या बांगड्यांवर करून बघा.

ओट्यावरची_काच:

कालचा रिपोर्ट. बाजारातल्या बांगड्यांची जाळी झाली! पण सहातल्या दोन बांगड्यांचा रंग उडून त्या पांढऱ्या स्वच्छ काचेच्या निघाल्या, म्हणजे हिरवा रंग नुसता वरून फासलेला होता. आता चुड्यातल्या तशा असतील तर म्हणून प्रत्येक तुकड्याची मोडलेली कड उजेडात धरून बघितली, कड आतपर्यंत हिरवी असेल तोच घेतला. डब्यातल्या सत्तावीस तुकड्यांतले एकोणीस खरे निघाले. सोनेरी नक्षी मात्र जळून जाणार असं दिसतंय, जाऊ दे.

भट्टीचा नकाशा पण केला, डाव्या मागच्या कोपऱ्यातली पट्टी पार लोळली होती आणि दारातली जेमतेम वाकली. फोरमनदादा, दार नीट बसत नव्हतं, पट्टा लावलाय.

खालची साधी ताटली परवा केली, माईंच्या आकड्यांनी, रात्री अडीचपर्यंत अलार्म. गॉगल लावून बघितली, काळीकुट्ट. आयुष्यात काळं बघून इतका आनंद झाला नव्हता. काठावरची वेल तावदानताई म्हणाल्या तशी खालून काढून भाजली, एका पानाचा रंग थोडा पातळ झालाय, पण नखाने निघत नाही.

आणि आत्ता चुडा आत आहे. ७०५ ला कडा बसल्या, तिथे थांबवलं. आत्ता ४७० ला आहे, पुढचा अलार्म ११:४० ला. नवऱ्याने उघडून बघूया का म्हणून दोनदा विचारून झालंय, त्याला झोपायला पाठवलाय. उद्या सकाळी ६० च्या खाली आली की फोटो टाकते.